प्रकल्प नोंदी: आमच्या बिल्डिंगसाठी नेटचं खरं कार्ड

३ ऑगस्ट २०२५

आजपासून नोंदी ठेवतेय. काम काय आहे ते आधी लिहून ठेवते. आमच्या डोंबिवली पूर्वच्या बिल्डिंगमध्ये सध्या तीन कंपन्यांची नेट कनेक्शनं आहेत, लिफ्टशेजारच्या बोर्डवर तिघांची पत्रकं कायम लावलेली असतात, आणि तिन्ही नीट वाचली तरी नवीन भाडेकरूला कळत नाही की रात्री नऊला स्पीड किती मिळणार, महिन्याला खिशातून नक्की किती जाणार आणि डेटा संपला की पुढे काय. ह्या तीन प्रश्नांची उत्तरं मराठीत एका पानावर देणारं कार्ड प्रत्येक प्लॅनसाठी बनवायचं आणि पत्रकाच्या बाजूला लावायचं. सेक्रेटरी काकांनी परवानगी दिली आहे, अट एकच, जे लिहाल ते मोजलेलं पाहिजे, ऐकीव नको. अट मला पूर्ण मान्य आहे.

समोर पत्रक ठेवूनच लिहितेय. मोठ्या अक्षरात १०० एमबीपीएस, अनलिमिटेड, फक्त ₹४९९. १०० च्या डोक्यावर एक चांदणी. खाली अगदी तळाला इंग्रजीत एक ओळ, मोबाईलचा कॅमेरा झूम करून वाचावी लागली: स्पीड 'अप टू', जीएसटी वेगळा, एफयूपी (ठरावीक डेटा संपला की स्पीड कमी करायची अट) लागू, दर वार्षिक प्लॅनवर. म्हणजे वर जे मोठं लिहिलंय त्यातला प्रत्येक शब्द खालच्या ओळीने मागे घेतला, आणि तेही वरचं मराठीत नि खालचं इंग्रजीत. मला राग ह्याचाच येतो. आमच्याकडे पत्रक वाचून निर्णय घेणारे निम्मे लोक साठीच्या पुढचे आहेत.

५ ऑगस्ट

कार्डवर सगळ्यात वर एककाची ओळ टाकायची हे आज ठरलं. पहिल्या मजल्यावरच्या आजोबांनी विचारलं की १०० चा प्लॅन आहे तर डाउनलोडला १२ का दिसतं, फसवतायत का. इथे कोणी फसवत नाहीये. कंपनी मेगाबिटमध्ये बोलते, कम्प्युटर मेगाबाइट दाखवतो, आठ बिटांचा एक बाइट, म्हणून १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १२.५ एमबी. पुढे जा.

८ ऑगस्ट

मोजायची व्यवस्था झाली. रास्पबेरी पाय ४ हा छोटा कम्प्युटर (पुढे नुसतं 'पाय' लिहीन), राउटरला थेट लॅन केबलने जोडलेला, वायफाय अजिबात नाही कारण वायफायवर मोजलं की कंपनी लगेच म्हणणार तुमच्या भिंती जाड आहेत. आणि खरंय ते, २.४ गिगाहर्ट्झवर आमच्या बिल्डिंगमध्ये इतके राउटर एकमेकांवर ओरडत असतात की बेडरूममध्ये येईपर्यंत स्पीड निम्म्यावर येतो, त्याचा दोष कंपनीवर टाकणं बरोबर नाही.

किती वेळा मोजायचं ह्यावर बराच विचार करावा लागला, कारण मोजणीलाच डेटा लागतो. १०० एमबीपीएस लाइनवर १० सेकंद डाउनलोड म्हणजे १२५ एमबी, अपलोड तेवढंच, एका टेस्टला २५० एमबी गेले. दर पंधरा मिनिटांनी चोवीस तास चालवलं तर रोजचे २४ जीबी, महिन्याचे ७२० जीबी. म्हणून सकाळी ८ ते संध्याकाळी ६ तासाला एकदा आणि ७ ते ११ मध्ये दर पाव तासाने, असं बसवलं. दिवसाला ७ जीबीच्या आत राहतं. ज्या घरचा प्लॅन लहान आहे तिथे फक्त संध्याकाळी.

सुरुवात तीन ठिकाणी: आमचं घर, दुसरा मजला, लोकल केबलवाल्याचं १०० चं कनेक्शन. चौथ्या मजल्यावरच्या वहिनी, मोठ्या कंपनीचं २०० चं. आणि खाली रस्त्याला लागून असलेलं किराणा दुकान, त्याच लोकल केबलवाल्याचं ५० चं. नावं कार्डवर येतील, इथे नोंदीत नकोत.

११ ऑगस्ट

वहिनींकडे पहिल्याच दिवशी अडलं. २०० चा प्लॅन आणि मोजणी दर वेळी ९४, सकाळी पण ९४, रात्री पण ९४. जो आकडा कधीच हलत नाही तो गर्दीचा नसतो, गर्दीचा आकडा वरखाली होतो. ९४ म्हणजे कुठेतरी १०० एमबीपीएसचा पोर्ट नाहीतर केबल लागली आहे. राउटर उलटा करून बघितला, चार पोर्टपैकी एकावरच गिगाबिट छापलेलं, केबल दुसऱ्यात. बदलली तरी ९४. मग केबल तपासली तर क्लिपमध्ये आठातल्या चारच तारा धड बसलेल्या, इन्स्टॉल करणाऱ्याने घाईत पंच केलेली असणार. चांगली कॅट ६ प्रकारची केबल टाकली, लगेच १९६. वहिनी म्हणाल्या, "अगं म्हणजे इतके दिवस मी दोनशेचे पैसे भरून शंभरच वापरत होते?" हो.

कार्डच्या मागच्या बाजूला हे टाकायचंच: २०० किंवा त्याहून मोठा प्लॅन असेल आणि मोजणी कायम ९४ च्या आसपास अडकत असेल तर आधी केबल आणि पोर्ट बघा, मग तक्रार करा.

१३ ऑगस्ट

आज बारीक अक्षरांचा दिवस. अनलिमिटेड ह्या शब्दाखाली काय आहे ते तिन्ही कंपन्यांच्या अटींमधून शोधलं. दोघांचं महिन्याला ३३०० जीबी, हा आकडा देशभर बऱ्याच प्लॅनमध्ये दिसतो. लोकल केबलवाल्याच्या ५० च्या प्लॅनला मात्र ६०० जीबी, आणि त्याच्या पुढे २ एमबीपीएस.

३३०० कमी नाही हे आधी मान्य करू. दिवसाचे ११० जीबी होतात. नेटफ्लिक्सच्या हिशोबाने एचडी तासाला ३ जीबीपर्यंत खातं, फोरके ७ जीबीपर्यंत, म्हणजे चार माणसांचं घर कितीही बघत बसलं तरी अवघडच आहे संपवणं. पण मर्यादा आहे ना, मग तो शब्द का. १०० एमबीपीएस पूर्ण वेगाने चालवला तर तासाला ४५ जीबी जातात, ३३०० जीबी साधारण ७३ तासांत संपतात, म्हणजे तीन दिवस. महिन्याचा प्लॅन विकलात, त्यातले पूर्ण वेगाचे तीन दिवस. कोणी तसं वापरत नाही हे मलाही माहितीय, पण जे विकलंय त्याची हद्द आकड्यात सांगा एवढीच मागणी आहे.

आणि ही मागणी नवीन नाहीये. टेलिकॉम कंपन्यांची नियामक संस्था असलेल्या ट्रायने ३१ ऑक्टोबर २०१६ ला निर्देश काढला होता की ब्रॉडबँड प्लॅन देताना किती डेटापर्यंत किती स्पीड आणि त्यानंतर किती स्पीड हे स्पष्ट सांगायचं, वेबसाइटवर आणि जाहिरातीत सुद्धा. डेटा ५० टक्के, ९० टक्के आणि १०० टक्के झाला की ग्राहकाला कळवायचं. आणि मर्यादेनंतरचा स्पीड ५१२ केबीपीएसच्या खाली जाऊ द्यायचा नाही. ५१२ का, तर त्यावेळी सरकारी व्याख्येत ब्रॉडबँड म्हणजे ५१२ च्या वर. २००४ मध्ये तो आकडा २५६ होता, २०१३ मध्ये ५१२ झाला, जानेवारी २०२३ मध्ये २ एमबीपीएस. त्यामुळे २०१६ च्या निर्देशातला तो तळ आजच्या व्याख्येच्या पार खाली आहे. ५१२ वर एक जीबीची फाइल उतरायला सव्वाचार तासांच्या वर लागतात. तो तळ २ वर यायला हवा असं माझं स्पष्ट मत आहे.

कस्टमर केअरला फोन करून विचारलं, अनलिमिटेड म्हणजे किती.
"अनलिमिटेड म्हणजे अनलिमिटेड मॅडम."
"मग एफयूपी काय आहे?"
"ते फेअर युसेज मॅडम, तुमचा तेवढा वापर होणारच नाही."
"पण झाला तर स्पीड किती मिळेल?"
होल्डवर ठेवलं, मग सांगितलं की मेल करा. केलाय मेल.

१९ ऑगस्ट

कालपासून पाऊस थांबायचं नाव नाही, गाड्यांचे हाल, शाळा बंद, जवळजवळ सगळी बिल्डिंग घरी. मोजणीसाठी मात्र हा दिवस फार कामाचा निघाला. आत्तापर्यंत आमच्या १०० च्या लाइनचा नमुना असा होता: सकाळी अकरा, दुपारी तीन, कधीही बघा ९५ ते ९८. संध्याकाळी सातनंतर घसरण सुरू, साडेनऊच्या सुमाराला ३१ ते ३८, अकरानंतर परत चढतं. आज भर दुपारी तीनला ४०. दुपारी घरी माणसं असली की दुपारी पण पडतं.

वहिनींची २०० ची लाइन आज दुपारी १८१, रात्री १७०च्या आसपास. म्हणजे तीही खाली येते पण सांगण्यासारखी नाही.

आता हे का होतं. फायबर प्रत्येक घराला स्वतंत्र येत नाही. केबलवाल्याच्या मशीनपासून एक धागा निघतो, डक्टमधल्या छोट्या पांढऱ्या डबीत तो फुटतो, स्प्लिटर म्हणतात त्याला, आणि मग घराघरात जातो. जीपॉन ही फायबर वाटायची पद्धत असेल तर त्या एका धाग्यावर खाली येणारा वेग सेकंदाला साधारण २.५ गिगाबिट, आणि तो सहसा ३२ घरांत वाटलेला. ३२ च्या ३२ घरांनी एकाच क्षणी पूर्ण ओढलं तरी घराला ७७ च्या आसपास यायला पाहिजे. आमच्याकडे ३५ येतंय. मग अडचण बिल्डिंगमध्ये नाही, मागे आहे, केबलवाल्याने वरच्या कंपनीकडून जी बँडविड्थ, म्हणजे सगळ्या ग्राहकांना मिळून वाटायचा एकूण वेग, विकत घेतली ती संध्याकाळी पुरत नाहीये. हा माझा अंदाज, खात्री करायची आहे.

वाटून देणं हा गुन्हा नाही. सगळं जगच असं चालतं, नाहीतर घरगुती नेट कोणाला परवडलंच नसतं. ट्रायच्या २००९ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये घरगुती ब्रॉडबँडसाठी १ ला ५० आणि बिझनेससाठी १ ला ३० असं वाटपाचं प्रमाण दिलेलं आहे. किती जणांत वाटलंय हे ग्राहकाला सांगितलं पाहिजे, मुद्दा तेवढाच.

२२ ऑगस्ट

लाइनवाला दादा येऊन गेला, मीच बोलावला होता. स्वभावाने चांगला मुलगा. राउटरला जाणारी फायबरची छोटी वायर काढून प्रकाशाची ताकद मोजणारा पॉवर मीटर लावला, उणे २१ डीबीएम. "ताई, लाइन एकदम क्लीन आहे, २७ च्या खाली गेली तर प्रॉब्लेम." बरोबर आहे त्याचं. मग त्याने स्वतःच्या मोबाईलवर कंपनीच्या ॲपमधून टेस्ट करून दाखवली, ९७. पायवर त्याच मिनिटाला बाहेरच्या सर्व्हरला ३६.

दोन्ही आकडे खरे आहेत आणि हीच गोष्ट लोकांना समजावून सांगावी लागणार आहे. टेस्टचं ॲप जवळचा सर्व्हर निवडतं, तो बरेचदा कंपनीच्याच नेटवर्कमध्ये असतो, म्हणजे मोजलं गेलं ते तुमच्या घरापासून त्यांच्या ऑफिसपर्यंतचं अंतर. तुमचं ऑफिसचं काम, मुलांचा क्लास, बँकेची साइट हे सगळं त्याच्या पलीकडे आहे. ट्रायच्या २००६ च्या गुणवत्ता नियमांत सुद्धा घेतलेल्या स्पीडच्या ८० टक्क्यांहून जास्त मिळायला हवं असं होतं, पण मोजायचं ते कंपनीच्या नोडपासून, म्हणजे तिच्या स्वतःच्या नेटवर्कमधल्या केंद्रापासून, ग्राहकापर्यंतच. म्हणून मी तीन ठिकाणी मोजते: कंपनीचा स्वतःचा सर्व्हर, मुंबईतला दुसऱ्या कंपनीचा सर्व्हर, आणि फास्ट डॉट कॉम, जे नेटफ्लिक्सच्या सर्व्हरवरून मोजतं. कार्डवर तिन्हींतला मधला आकडा जाणार.

दादाला दोन्ही आकडे शेजारी दाखवले. तो काही बोलला नाही, फोटो काढला आणि म्हणाला शेठना दाखवतो.

३० ऑगस्ट

२७ ला गणपती बसले. दरवर्षीसारखी आमची निम्मी बिल्डिंग कोकणात, आसपासच्या बिल्डिंगांचंही तेच, पार्किंग रिकामं. आणि ग्राफ बघून मी अक्षरशः उभी राहिले. रात्री साडेनऊला ८८, ९१, ९२. तीच लाइन, तोच राउटर, तीच केबल, फक्त वापरणारी माणसं कमी. दीड दिवसाचे गणपती करून काही घरं परत आली तर आजच ७० वर आलंय.

ह्याहून चांगला पुरावा मला मिळाला नसता. पावसाच्या दिवशी माणसं वाढली, भर दुपारी स्पीड पडला. गणपतीत माणसं कमी झाली, रात्री स्पीड आला. फायबर, वायफाय, हवामान, जुना लॅपटॉप, सगळी कारणं बाद. कार्डवर संध्याकाळचा आकडा छापायला मला आता कोणाची भीती नाही.

७ सप्टेंबर

काल विसर्जन झालं, आज केबलवाले शेठ स्वतः ऑफिसात भेटले. दादाने फोटो खरंच दाखवला होता. तासभर बसले, चहा पाजला, आणि जे बोलले ते मी जमेल तसं लिहून ठेवतेय, कारण त्यांची बाजू ह्या नोंदीत नसेल तर काम अर्धवट.

म्हणाले, "ताई, मागून घेतलेली बँडविड्थ संध्याकाळी फुल होते, मला माहितीय. वाढवायची तर महिन्याचा खर्च वाढतो. ४९९ चे ५४९ केले तर लोक सोडून जातात. आणि समजा मी पत्रकावर खरं लिहिलं, संध्याकाळी ४० मिळेल, तर समोरचा २०० लिहून बसलाय, माझ्याकडे कोण येणार?"

हे ऐकून मला उत्तर सुचलं नाही लगेच, कारण ते खरं आहे. जो खरं लिहील तो धंद्यात मागे पडेल अशी व्यवस्था असेल तर एकट्या माणसाने खरं लिहावं ही अपेक्षा चालत नाही, नियम सगळ्यांना एकसारखा हवा. ब्रिटनमध्ये नेमकं हेच केलं. तिथे आधी 'अप टू' आकडा १० टक्के ग्राहकांना मिळाला तरी जाहिरातीत चालायचा. २३ मे २०१८ पासून नियम बदलला, जाहिरातीतला आकडा रात्री ८ ते १० च्या गर्दीच्या वेळी किमान निम्म्या ग्राहकांना मिळाला पाहिजे आणि त्याला सरासरी म्हणायचं. सगळ्यांनाच लागू, त्यामुळे खरं लिहिण्याचं नुकसान एकाच्या अंगावर पडत नाही. अमेरिकेत १० एप्रिल २०२४ पासून मोठ्या कंपन्यांना आणि त्याच वर्षी १० ऑक्टोबरपासून छोट्यांनाही प्रत्येक प्लॅनसोबत एक ठरलेल्या साच्याचं लेबल दाखवावं लागतं, खाण्याच्या पाकिटामागे असतं तसं दिसणारं: महिन्याचा दर, तो सुरुवातीचा सवलतीचा आहे का, बाकीचे चार्जेस, नेहमी मिळणारा डाउनलोड आणि अपलोड, किती डेटा सामील आणि त्यावर गेलात तर काय. माझ्या कार्डाचा साचा मी तिथूनच उचललाय.

शेठना विचारलं, सगळ्यांच्या प्लॅनला सारखंच कार्ड लावलं तर तुमची हरकत आहे का. म्हणाले समोरच्याचंही लावणार असाल तर माझंही लावा.

१५ सप्टेंबर

काल रात्री आशिया कपमध्ये भारत-पाकिस्तान. आठला मॅच सुरू, आठ वाजून दहा मिनिटांनी आमची लाइन २४, साडेनऊला १९. टीव्हीच्या केबलवर एकच सिग्नल सगळ्यांना जातो, पण ॲपवर मॅच बघताना प्रत्येक घराचा प्रवाह वेगळा ओढला जातो, त्यामुळे अशा रात्री जेवढी घरं तेवढ्या पट भार. वरच्या मजल्यावरून 'आऊट'ची आरोळी आली तेव्हा आमच्याकडे बोलर अजून रनअपला होता. वहिनींकडे १६२.

असा अपवादाचा दिवस कार्डवर घ्यायचा की नाही ह्यावर सेक्रेटरी काकांशी बोलले. ठरलं की नाही घ्यायचा. रोजच्या संध्याकाळचा मधला आकडा घ्यायचा, ना सगळ्यात वाईट ना सगळ्यात चांगला. गणपतीतला आठवडाही वगळायचा.

१७ सप्टेंबर

किराणावाल्या काकांची गोष्ट सविस्तर लिहायची राहून जात होती. त्यांची जुनी तक्रार, महिन्याच्या मध्यावर नेट मरतं. एक तारखेला पॅक रिन्यू होतो, चौदा-पंधराला सगळं मंद, बिलिंगचं सॉफ्टवेअर फिरत बसतं, गिऱ्हाईक उभं राहतं. केबलवाल्याला फोन केला की तो राउटर बंद-चालू करायला सांगतो. आज त्यांच्याबरोबर बसून वापराचं पान उघडलं.

दुकानात दोन सीसीटीव्ही कॅमेरे, दोन्ही रेकॉर्डिंग सतत क्लाउडवर पाठवणारे. सेटिंगमध्ये बघितलं, प्रत्येकी २ एमबीपीएस. वाटायला एवढंसं, पण २ एमबीपीएस चोवीस तास म्हणजे दिवसाला २१.६ जीबी. दोघांचे ४३.२. ६०० जीबीला ४३.२ ने भागलं तर १३.९ दिवस. चौदा तारीख. कागदावर हा भागाकार केला आणि काका कागदाकडे बघतच राहिले. कोणीही त्यांना सांगितलं नव्हतं की अपलोड सुद्धा मोजलं जातं. चौदानंतर पूर्ण लाइन २ एमबीपीएस आणि त्यात दोन कॅमेरे प्रत्येकी २ मागणारे, मग बिलिंगला काय उरणार.

आणि ५०, ९०, १०० टक्क्यांचे मेसेज? आलेच नाहीत कधी. अकाउंटवर मोबाईल नंबर बघितला तर तो काकांचा नव्हताच. ज्या मुलाने कनेक्शन लावलं त्याने फॉर्मवर स्वतःचा नंबर टाकलेला, तो मुलगा कधीच काम सोडून गेला. तीन वर्षं काकांचे अलर्ट कोणा तिसऱ्याच्या फोनवर जात होते. नंबर बदलून घेतला, कॅमेऱ्यात मेमरी कार्ड टाकलं, सतत रेकॉर्डिंग त्यावर आणि हालचाल झाली तरच क्लाउडवर. मला ह्या प्रकल्पातलं सगळ्यात समाधानाचं काम हेच वाटलं.

कार्डवर दोन ओळी वाढल्या: अपलोड धरतात का, आणि अलर्ट कोणत्या नंबरवर जातात.

२३ सप्टेंबर

दराची ओळ. कालपासून जीएसटीचे नवे दर लागू झाले आणि शेजारच्या काकूंनी विचारलं नेट स्वस्त झालं का. नाही, टेलिकॉम १८ टक्केच आहे. ४९९ वर १८ टक्के धरले की ५८८.८२. आणि ४९९ हा दर वर्षाचे पैसे एकदम भरले तरच, म्हणजे हातातून जाणारी रक्कम ७०६५.८४. महिन्याच्या प्लॅनला वेगळा, जास्त दर, तो पत्रकावर नाहीच. भाड्याने अकरा महिने राहणाऱ्याने बारा महिन्यांचे का भरायचे हा साधा प्रश्न आहे. कार्डवर तीन आकडे: महिन्याचे भरले तर करासकट किती, वर्षाचे भरले तर आज किती, मध्येच सोडलं तर परत किती. तिसऱ्या प्रश्नाला तिघांनीही उत्तर दिलेलं नाही, तिथे 'कंपनीने सांगितलं नाही' असंच छापणार.

त्या इंग्रजी बारीक ओळीबद्दलही नियम सापडला. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली केंद्राने ९ जून २०२२ ला दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात आहे की खुलासा दाव्याच्याच भाषेत हवा, त्याच फाँटमध्ये आणि ठळक जागी हवा, आणि त्याने मूळ दाव्याच्या विरुद्ध बोलायचं नाही. पहिल्या वेळी दंड १० लाखांपर्यंत जाऊ शकतो. सेक्रेटरी काकांनी तिन्ही कंपन्यांना एकच पत्र पाठवलं, बोर्डवर पत्रक लावायचं तर अटी मराठीत, वरच्याच आकाराच्या अक्षरात. जागा सोसायटीची आहे, तेवढं सांगायचा अधिकार आहेच आपल्याला.

५ ऑक्टोबर

कार्डच्या मागच्या बाजूचा तक्रारीचा भाग पूर्ण. लोकांना वाटतं ट्रायला लिहिलं की झालं, पण ट्राय एकेकट्याच्या तक्रारी सोडवत नाही. आधी कंपनीकडे तक्रार करून डॉकेट नंबर (तक्रारीचा नोंदणी क्रमांक) घ्यायचा, तो नंबर नसेल तर पुढे कोणी ऐकत नाही. समाधान झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे ३० दिवसांत. त्याचबरोबर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, मराठीत बोलता येतं. आणि ग्राहक आयोगात जाता येतं की नाही हा जुना वाद सुप्रीम कोर्टाने फेब्रुवारी २०२२ मध्ये मिटवला आहे, टेलिकॉम कंपनीविरुद्ध जाता येतं. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. तक्रारीसोबत वेळेसकट मोजणी लावा, केबल जोडून केलेली, नुसतं 'नेट स्लो आहे' लिहून काही होत नाही.

१२ ऑक्टोबर

कार्डं लागली. लोकल केबलवाल्याच्या १०० च्या प्लॅनचं असं आहे: जाहिरातीत १००. दिवसा मिळतं ९६. रात्री ८ ते १० मिळतं ३६. डेटा ३३०० जीबी, अपलोड धरून. त्यानंतर २ एमबीपीएस. महिन्याला करासकट, वर्षाचे भरल्यास, ५८८.८२. सगळे आकडे एकाच आकारात, ह्यावर मी अडून बसले होते.

सकाळपासून बोर्डपुढे माणसं थांबतायत. एका काकूंनी कार्डचा फोटो काढून मुलाला पुण्याला पाठवला. तिसऱ्या कंपनीच्या सेल्सवाल्याने येऊन वाद घातला की आमचं कार्ड का नाही, त्याला सांगितलं की तुमच्या ग्राहकाकडे पाय लावू द्या, मोजून लावतो. विचारून सांगतो म्हणाला. शेठचा दुपारी फोन, आवाज जरा चढलेलाच, ३६ च्या शेजारी समोरच्याचे १७० बघून कोणालाही वाईट वाटेल. पण शेवटी म्हणाले की दिवाळीनंतर मागची बँडविड्थ वाढवतोय, मग परत मोजणार का. अर्थातच मोजणार, आणि आकडा वर गेला तर त्याच दिवशी कार्ड बदलणार, तारीख टाकून.

पुढची कामं: बी विंगमधून दोन घरांनी पाय लावायला हो म्हटलंय. कार्डवर अपलोडच्या स्पीडची वेगळी ओळ हवी, घरून काम करणाऱ्यांनी मागितली आहे आणि बरोबर आहे त्यांचं. मुख्य म्हणजे १३ ऑगस्टच्या मेलला अजून उत्तर नाही, उद्या डॉकेट नंबर घालून परत पाठवायचा.